अजमेर सिंगच्या गच्चीवरची चूक

"येत्या पन्नास वर्षांत जगातलं एकूण एक यंत्र पंजाबीत बोलायला लागेल, आणि त्याची सुरुवात कोट लखमीर या गावातून झाली असं इतिहासात लिहावं लागेल," असं सरदार अजमेर सिंगने पिंपळाच्या पारावर जाहीर केलं. इतिहासाची सोय लावून होते न होते तोच त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने तो काढला, हातभर लांब धरून निरखला आणि शेजारी बसलेल्या पाखर सिंगला दिला. कारण ते हिरवं चिन्ह वर सरकवायचं की उजवीकडे, याबद्दल त्याचं मत अजून कायम व्हायचं होतं. पाखर सिंगने ते डावीकडे सरकवलं. फोन गप्प झाला.

"महत्त्वाचं असेल तर माणूस घरी येईल," अजमेर सिंग म्हणाला आणि पुन्हा पन्नास वर्षांकडे वळला.

अभिमान वाटायला कारण होतं. त्याची मुलगी रमनीक कौर मोहालीच्या एका कंपनीत संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याच्या नोकरीसाठी दोन फेऱ्या पार करून आली होती. तिसरी आणि शेवटची फेरी शुक्रवारी अकरा वाजता, घरी बसून, पडद्यावर होणार होती. नोकरीही घरी बसूनच करायची होती. आणि गावाला खरं नवल वाटलं ते याचंच. कोट लखमीरमध्ये कुणाच्या मुलाचं भलं झालं की तो गावातून जातो, अशी रीत होती. भलं होऊन पुन्हा गावातच राहायचं म्हणजे नेमकं काय झालं म्हणायचं, यावर पारावर दोन मतं होती.

रमनीकच्या मावशीचं मत मात्र एकच होतं. मावशी ब्रॅम्प्टनला होती. परदेशी जायची इंग्रजीची परीक्षा रमनीक दोनदा देऊन बसली होती. दुसऱ्या वेळी तिला "तुमच्या आयुष्यातल्या अविस्मरणीय प्रवासाबद्दल बोला" असं सांगितलं, तेव्हा तिने खरं तेच सांगितलं, की मी अजून कुठे गेलेच नाही, त्यासाठीच ही परीक्षा देतेय. यात इंग्रजी बरोबर होतं, पण लांबी कमी पडली. आता मावशीने तिसऱ्या परीक्षेचा अर्ज परस्पर भरून ठेवला होता, मार्चचा. नोकरी लागली तर अर्ज रद्द, नाही लागली तर मार्चमध्ये परीक्षा आणि मग ब्रॅम्प्टन, असं मावशी आणि घर यांच्यात ठरलं होतं. रमनीकला जायचं नव्हतं. शुक्रवारी अकराला ठरायचं होतं ते एवढंच.

ती प्रोग्राम लिहायला शिकली तीही गावातच. निवृत्त गणितशिक्षक मास्टर निरंजन सिंग सोसायटीच्या जुन्या खताच्या गोदामात बारा मुली आणि चार लॅपटॉप घेऊन वर्ग चालवत. "संगणकाला इंग्रजी येतं ही अफवा आहे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "त्याला काहीच येत नाही. जे काय यायचं ते तुम्ही शिकवाल तेव्हा. मग विचार आपल्या भाषेत करा, चार शब्द त्याच्या भाषेतले टाका." एकच काम पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं हे त्यांनी नांगरटीवरून शिकवलं. ट्रॅक्टर बांधापर्यंत न्या, वळवा, परत आणा. पण शेवटचा बांध कुठला ते आधी सांगून ठेवा, नाहीतर तो पाकिस्तानात जाईल आणि मग प्रश्न गणिताचा राहणार नाही.

अडचण एकच होती. काही चुकलं की संगणक लाल अक्षरांत इंग्रजीत ओरडायचा. मुली घाबरून झाकण खाली करायच्या आणि दुसऱ्या दिवशी तापाचं निमित्त सांगायच्या. तेव्हा रमनीकने एक छोटा प्रोग्राम लिहिला. संगणकाची तक्रार तो पकडायचा आणि तीच साध्या पंजाबीत सांगायचा. साधी पंजाबी म्हणजे कुठली, असा प्रश्न आला तेव्हा तिला एकच माहीत होती, तिच्या आईची. त्यामुळे कंस उघडून बंद करायचा राहिला की पडद्यावर यायचं, "अगं, उघडलेलं बंद कोण करणार? मी?" आणि खाली ओळीचा आकडा. मुलींना ते इतकं घरचं वाटलं, की झाकणं खाली होणं थांबलं. प्रोग्रामचं नाव पडलं 'बीजी', म्हणजे आई. खऱ्या बीजीला, म्हणजे सुखवंत कौरला, यातलं काही ठाऊक नव्हतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढे अजमेर सिंगला गच्ची सुचली.

त्या भागात घराची हकीकत गच्चीवरून कळते. पाण्याची टाकी नुसती टाकी नसते. मुलगा परदेशी गेला की टाकीवर सिमेंटचं विमान चढतं, फौजेत गेला की रणगाडा, कबड्डीत नाव काढलं की मांडी थोपटणारा पहिलवान. नंबरदार, म्हणजे गावचा पाटील, मुख्तियार सिंग याच्या घरावर चार इंजिनांचं विमान होतं आणि त्याच्या खिडकीत फेटा बांधलेला वैमानिक. मुलगा विनिपेगला ट्रक चालवायचा ही गोष्ट वेगळी. अजमेर सिंगच्या गच्चीवर मात्र काळी प्लास्टिकची टाकी, दुकानातून आली तशी. रोज सकाळी दात घासताना त्याला समोर नंबरदाराचं विमान दिसायचं आणि सतरा वर्षं तो त्याच्याकडे पाठ करून दात घासत आला होता.

टाकीवर सिमेंटचा लॅपटॉप बांधायचा, हे त्याने ठरवलं ते लोहडीच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी. नोकरीचं पत्र आल्यावर बांधावा हे त्यालाही कळत होतं. पण अशा टाक्या करणारा पंचक्रोशीतला एकच कारागीर, बग्गा मिस्त्री, शुक्रवारी जालंधरकडे निघणार होता. तिकडे विमानांना फार मागणी होती, चार महिने तो परत येणार नव्हता. म्हणजे कंपनी थांबू शकत होती, मिस्त्री थांबू शकत नव्हता. अजमेर सिंगने हिशेबाने मिस्त्रीला आधी धरलं. रमनीकला सांगितलं, टाकी गळतेय, दुरुस्ती काढलीय. वर ताडपत्री होती, ताडपत्रीवर धुकं होतं, आणि मुलगी दिवसभर मान खाली घालून अभ्यास करत होती. पंधरा दिवस तिने वर बघितलंच नाही.

बग्गा मिस्त्री हा अस्सल कलावंत. नमुना समोर असल्याशिवाय थापीला हात लावायचा नाही. गरुड करायचा होता तेव्हा त्याने तीन दिवस एक घार पाळली होती. लॅपटॉपचं धूड उभं राहिलं, सळ्या झाल्या, जाळी झाली, सिमेंट चढलं, आणि पडद्यावर काय लिहायचं तिथे काम अडलं. रमनीक तेव्हा प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढायला मोग्याला गेली होती आणि लॅपटॉप ओसरीवर चार्जिंगला उघडा होता. मिस्त्रीने फेटा सावरला, पडद्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला. पडदाभर मुंगीएवढी पांढरी अक्षरं आणि तळाला ठळक लाल गुरुमुखी.

त्याने सुखवंत कौरला बोलावलं. ही बारीक अक्षरं सिमेंटात धरत नाहीत, त्याने समजावलं, ही लाल आहेत ती घेतो. लाल आहेत म्हणजे मुद्द्याचीच असणार, लग्नपत्रिकेत बघा की. पण काही वेडंवाकडं नको म्हणून एकदा वाचून घ्या.

सुखवंत कौरने हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग ती बाजेच्या कडेला बसली.

"हे माझं वाक्य आहे," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं मी हेच बोलतेय. या घरात कुणी ऐकलं असेल असं वाटलं नव्हतं मला."

"मग हेच ठेवू का, बीबीजी?"

"मोठं काढा," सुखवंत कौर म्हणाली.

गुरुवारी दुपारी रमनीक गावाबाहेर गेलेली बघून गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून अजमेर सिंगने स्वतः गावाला आमंत्रण दिलं. अरदास, म्हणजे प्रार्थना झाली, लाडू वाटले, धुकंही वेळेवर उठलं आणि ताडपत्री खाली आली.

लॅपटॉप देखणा होता, यात वाद नाही. आठ फूट उंचीचा पडदा, विटेएवढ्या कळा, प्रत्येक कळेवर एकेक गुरुमुखी अक्षर. शेजारी माऊसही होता; तो सांगितला नव्हता, मिस्त्रीने आपल्याकडून दिला होता. आणि पडद्यावर, लुधियान्याच्या रस्त्यावरून वाचता येतील अशी, लालभडक अक्षरं:

'अगं, उघडलेलं बंद कोण करणार? मी? ओळ बारा बघ.'

पाखर सिंग उठला आणि घराकडे चालू लागला, कारण हौदावरचा नळ त्याने तसाच सोडला होता. रस्त्यावरून मोग्याची बस जात होती, तिच्या कंडक्टरने हात लांब करून दार ओढून घेतलं. अजमेर सिंगचा ऊर भरून आला. त्याला वाटलं, हा उपदेश आहे. माणसाने आयुष्यात जे उघडलं ते वेळच्या वेळी मिटवावं, किती खोल विचार, आणि तोही संगणकाने केलेला. असं तो चारचौघांना सांगू लागला, तेव्हा मास्टर निरंजन सिंग पुढे झाले. मास्टरांनी सदतीस वर्षं गणित शिकवलं होतं. समोर चूक दिसत असताना गप्प बसणं त्यांना सणासुदीलाही जमत नसे.

"अजमेर सिंगा, हा उपदेश नाही," ते म्हणाले. "ही चूक आहे."

"कुणाची?"

"रमनीकची. बाराव्या ओळीत कंस राहिलाय."

नंबरदार मुख्तियार सिंगने हातातला लाडू सावकाश संपवला. "आम्ही आपल्या पोरांच्या चुका झाकून ठेवतो रे," तो म्हणाला. "तुझं काळीज मोठं. तू गच्चीवर मांडल्यास."

नेमक्या त्याच वेळी रमनीक स्कूटीवरून वळणावर आली. तिने वर बघितलं. ती खाली उतरली, पण स्टँड लावायचं राहिलं, त्यामुळे स्कूटी आपली आपण आडवी झाली.

"पापाजी, हे काय आहे?"

"तुझा लॅपटॉप, पुत्तर."

"मला अजून नोकरी लागलेली नाही."

"उद्या लागेल. मिस्त्री उद्या चालला ना."

यात काय तर्क आहे हे समजून घ्यायचा तिने थोडा वेळ प्रयत्न केला आणि सोडून दिला. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, की उद्या नोकरी नाही लागली तर हे किती वर्षं टिकेल. बग्गा मिस्त्रीने छातीवर हात ठेवून चाळीस वर्षांची हमी दिली.

मग धावपळ सुरू झाली. अक्षरं तासून काढा, असं ठरलं. मिस्त्री म्हणाला, तासलं तर जाळी उघडी पडेल आणि पडदा कंपाउंडात येईल. मग पांढरा रंग फासा, असं ठरलं. एक हात फासला. पण लाल रंग मिस्त्रीने वरून लावला नव्हता, सिमेंटातच कालवला होता. तो ओल्या पांढऱ्यातून हळूहळू वर आला आणि अक्षरं गुलाबी झाली. आता ती आधीपेक्षा प्रेमळ दिसत होती आणि जास्त लांबून वाचता येत होती. शेवटी ताडपत्री पुन्हा टाकायचं ठरलं, तेव्हा सुखवंत कौर जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसली. नवऱ्याच्या तोंडून विमानं, रणगाडे सगळं ऐकून घेतलं, ती म्हणाली, पण या घरात एकदाच कुणीतरी माझं बोलणं लिहून ठेवलंय, ते झाकायचं नाही. तिला ओलांडून वर जाण्याची छाती कुणाची नव्हती.

तसाही उशीर झाला होता. लाडू खाता खाता आणि मग रंग फासतानाही गावाने फोटो काढले होते आणि दिवे लागायच्या आत ते मेलबर्न, विनिपेग, ब्रॅम्प्टन असं सगळीकडे पोचले होते. मावशीचा फोन आला. घरात कुणी काय उघडं टाकलंय, तिने विचारलं, आणि मार्चची तारीख लक्षात आहे ना, तेही विचारलं.

शुक्रवारी अकराला रमनीक आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून लॅपटॉपसमोर बसली. दाराआड अजमेर सिंग होता, त्याच्यामागे सुखवंत कौर. पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात कंपनीच्या मुख्य, मनवीन सोढी मॅडम. दुसऱ्यात कोहली नावाचे गृहस्थ, ज्यांच्या चेहऱ्यावर कुणालाही नोकरी न देण्याचा अनुभव दिसत होता. तिसरा चौकोन काळा होता, त्यावर फक्त नाव होतं, आणि तो शेवटपर्यंत काळाच राहिला.

मॅडमनी नमस्कार झाल्याबरोबर एक फोटो पडद्यावर आणला. गुलाबी अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

"कोट लखमीर म्हणजे हेच ना? हे कुणाचं घर आहे, माहितीये का तुम्हाला?"

रमनीकच्या मनात आलं की म्हणावं, नाही. गावात साडेतीनशे घरं आहेत. दाराच्या फटीतून अजमेर सिंगनेही दोन्ही हातांनी 'नाही' अशी खूण केली. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याला आपली गच्ची दुसऱ्याची असावीशी वाटली.

"आमचं," ती म्हणाली. "आणि चूक माझी आहे. बाराव्या ओळीत कंस राहिला होता, मी तो नंतर लावला. पण सिमेंटात आता लावता येत नाही."

कोहली पुढे वाकले. "कुठल्याही भाषेतला संगणक असं बोलत नाही. हे लिहिलंय कुणी?"

"मीच. म्हणजे, वाक्य माझ्या आईचं आहे, प्रोग्राम माझा."

"आणि हे रागावून का बोलतं?"

रमनीक ताठ बसली. पुढचं बोलताना तिचा आवाज पहिल्यासारखा राहिला नाही, दाराआड ऐकणाऱ्यांना तो जरा मोठा झाल्यासारखा वाटला.

"सर, इंग्रजीत चूक आली की आम्हाला वाटायचं, आपण मूर्ख आहोत. आईच्या भाषेत आली की वाटतं, नुसता कंस राहिलाय. आमच्या वर्गात बारा मुली आहेत. हे आल्यापासून एकीनेही शिकणं सोडलेलं नाही."

मॅडमनी कोहलींकडे बघितलं. कोहलींनी दुसरीकडे बघितलं. ही कंपनी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम करायची, आणि तिचं सगळ्यात मोठं दुखणं हेच होतं, की पडद्यावर लाल इंग्रजी आलं की केंद्रावरचा माणूस सरळ वायर उपटायचा. तीनशे गावांत रोज तीनशे वायरी उपटल्या जात. हे त्यांनी रमनीकला सांगितलं नाही, पण कोहलींनी बसल्या जागी चार ओळी मुद्दाम चुकीच्या लिहून तिच्याकडे पाठवल्या आणि म्हणाले, चालवून दाखवा तुमची बीजी.

रमनीकने चालवली. पडद्यावर आलं, 'हे काय लिहून ठेवलंयस? झोपेत होतीस का? ओळ दोन.'

कोहलींच्या चेहऱ्याचा रंग बदलत होता तेवढ्यात दार उघडलं आणि सुखवंत कौर ओढणी सावरत आत आली.

"मी असं बोलत नाही," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "'झोपेत होतीस का' हे हिच्या आजीचं आहे. परक्या माणसाला मी असं म्हणणार नाही. मी म्हणेन, 'दमलास का रे? पाणी पी आणि दुसरी ओळ पुन्हा वाच.'"

रमनीकने डोळे मिटून घेतले. आता मार्च नक्की, असं तिला दिसलं. दाराआड अजमेर सिंगने तर भिंतीला टेकून बसकण मारली.

"थांबा, थांबा, बीजी, जाऊ नका," सोढी मॅडम म्हणाल्या. त्यांनी वही ओढली होती. "समजा, आकडा लिहायच्या जागी एखाद्याने नाव लिहिलं, तर काय म्हणाल?"

सुखवंत कौर मुलीच्या शेजारी टेकली. प्रश्न तिला अगदी रोजचा वाटला. "म्हणेन, 'तीन किलो साखर आणायला सांगितलं होतं, तू पाखर सिंगला घेऊन आलास.'"

"आणि काही न विचारता जुनी माहिती पुसायला निघाला तर?"

"'एकदा टाकलंस की परत मागायचं नाही. टाकू?'"

"आणि समजा, सगळं अडकून बसलं, काही विचारलं तरी उत्तरच देत नाही, असं झालं तर?"

यावर सुखवंत कौरने दाराकडे पाहिलं. दारातून फेट्याचं टोक दिसत होतं. "तेव्हा मी काही बोलत नाही," ती म्हणाली. "पेपर काढून घेते. आपोआप चालू होतं."

कोहली लिहून घेत होते. आपण लिहून घेतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि मग, कुणी बघत नाही असं वाटून, पुन्हा उचललं.

तासाभराची मुलाखत पावणेदोन तास चालली. त्यातली शेवटची पस्तीस मिनिटं रमनीकला कुणी काही विचारलं नाही. तिने मात्र तेवढ्या वेळात आईची सगळी नवी वाक्यं प्रोग्राममध्ये घालून, चालवून, मॅडमना दाखवली, आणि काळ्या चौकोनातून पहिल्यांदा आणि शेवटचा एक आवाज आला. तो म्हणाला, "वा."

पत्र शनिवारी आलं. तीनशे गावांच्या केंद्रांवर संगणक पंजाबीत काय बोलेल हे ठरवायचं आणि ते लिहायचं काम रमनीक कौरचं, मुक्काम कोट लखमीर. मास्टर निरंजन सिंगांनी ते पत्र गोदामात अकरा मुलींसमोर दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला, तो धुक्याने ओला झाला असं ते म्हणाले, पण गोदामात धुकं नव्हतं. मावशीने अर्ज रद्द केला. तिच्याच गल्लीतल्या एका बाईला आपली नातवंडं पंजाबी बोलत नाहीत याची काळजी होती, तिला तो प्रोग्राम मिळेल का, असं तिने जाता जाता विचारलं. नंबरदार मुख्तियार सिंग रविवारी स्वतः आला. गच्चीकडे बघायचं टाळत त्याने चहा घेतला, विमान आता काही उतरवता येत नाही असं उगाचच म्हणाला, आणि मग मास्टरांच्या वर्गात आपल्या नातीसाठी एक जागा होईल का, हे हळू आवाजात विचारलं. अजमेर सिंगने त्याला दुसरा कप आग्रहाने दिला. हा त्याच्या आयुष्यातला सर्वात गोड चहा होता आणि त्यात साखर घालायची राहिली होती.

सोमवारी साडेनऊला काम सुरू व्हायचं होतं. नऊलाच अंगण भरलं. सत्तर माणसं, चार बाजा, एक ढोलवाला, आणि बाकीचे भिंतीवर. कंपनीत काम करणारं माणूस गावाने कधी काम करताना बघितलं नव्हतं. जे गेले ते लांब गेले. नीट दिसावं म्हणून रमनीकचं टेबल अंगणातच मांडलं होतं. तिने दोनदा आत जायचा प्रयत्न केला, पण सुखवंत कौरने तिच्या समोर दह्याची वाटी धरली आणि मागे ढोलवाला उभा होता.

साडेनऊला पडद्यावर चौकोन उघडू लागले. एक, दोन, सहा, चौदा. अजमेर सिंगने फेट्यावरून हात फिरवला, घसा साफ केला आणि मुलीच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"कोट लखमीरच्या भावांनो आणि बहिणींनो," तो म्हणाला. "आजचा दिवस ध्यानात ठेवा. आपली भाषा आजवर शेतात बोलली, चुलीपाशी बोलली, फौजेत बोलली. लोक म्हणायचे, यापुढे तिचं काम नाही, यापुढे तिला विमानात बसवा आणि विसरा. आज माझी मुलगी याच अंगणात बसून तिला कामावर लावतेय. तीनशे गावं आज पहिल्यांदा यंत्राचं बोलणं ऐकतील आणि म्हणतील, अरे, ही तर आपल्या आईची..."

इथे त्याने फेटा सावरला. ढोलवाल्याने तेवढ्यात दोन टिपऱ्या टाकून घेतल्या. भिंतीवरच्या बायकांनी ओढण्या डोळ्यांना लावल्या. पडद्यावर सोढी मॅडमचे ओठ हलायला लागले, तसे अजमेर सिंगने दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सत्तर माणसं पुढे वाकली. कंपनी आपल्या गावच्या मुलीला पहिलं काम काय सांगते, ते ऐकायला.

"रमनीक," मॅडम म्हणाल्या, "तुझा माईक चालू राहिलाय. तेवढा बंद करशील का?"